भाडं परवडत होतं म्हणून ती गाणी झाली

१९७६ ते ७९ या चार वर्षांतल्या, मुख्यतः ब्रिटनमधल्या, पंक (रांगडं, वेगवान रॉक) आणि त्यातून निघालेल्या न्यू वेव्ह गाण्यांवर आपल्याकडे गप्पा सुरू झाल्या की थोड्या वेळात कुणीतरी ते ठरलेलं वाक्य टाकतंच, की आता तशी गाणी होत नाहीत कारण आताच्या पोरांच्या पोटात आग नाही, सगळं आयतं मिळतंय, हालअपेष्टा काढल्याशिवाय कला येत नाही वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. आणि ते नुसतं चुकीचं असतं तर सोडून दिलं असतं, पण मला ते घातक वाटतं, कारण एकदा हे मान्य केलं की महापालिका, सरकार, रेडिओ, कॉलेजं, जागेचे मालक सगळे सुटतात आणि सगळा दोष वीस वर्षांच्या पोरापोरींच्या माथी येतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ती गाणी हालातून आली नाहीत, हालात असलेल्या पोरांना काही वर्षं पाय टेकायला जागा मिळाली त्यातून आली. रिकामी पडलेली घरं, बेकारभत्ता, फी नसलेली आर्ट स्कूल्स, आणि रात्री दहाला लागणारा सरकारी रेडिओचा एक प्रोग्रॅम. राग तर सगळ्या जगातल्या पोरांना येतो, प्रत्येक दशकात येतो, पण राग आला म्हणून कुणाला ड्रमकिट ठेवायला जागा मिळत नाही.

बझकॉक्स या बँडच्या ‘स्पायरल स्क्रॅच’ या ईपीपासूनच (ईपी म्हणजे तीन-चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड) सुरू करतो, कारण ‘कुणाची मदत नको, स्वतःच करा’ या गोष्टीचं उदाहरण म्हणून लोक कायम तीच ईपी पुढे करतात. मँचेस्टरमध्ये डिसेंबर १९७६ च्या शेवटच्या आठवड्यात एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली, जानेवारी ७७ मध्ये स्वतःच्याच न्यू हॉर्मोन्स लेबलवर काढली, पहिल्या फक्त हजार प्रती, आणि ती पुढे सोळा हजारांच्या आसपास विकली गेली. कव्हरवर प्रत्येक गाण्यासमोर ते कितव्या टेकला ओके झालं आणि वरून काय डब केलं हे छापलंय, म्हणजे ‘बोअरडम’ पहिलाच टेक आणि वर एक गिटार. ही माहिती छापायचं कारण एवढंच की वाचणाऱ्याला कळावं यात काही जादू नाही, तुलाही जमेल. आणि ‘बोअरडम’मधला तो सोलो, दोनच नोट्स, त्याच त्याच, ऐकणारा म्हणतो आता तिसरी येईल आता येईल आणि ती येतच नाही, कंटाळ्यावरच्या गाण्यात याहून नेमका सोलो मी तरी ऐकलेला नाही.

पण याला बिनमदतीचं काम म्हणायचं का? खर्च आला पाचशे पाउंड, ते मित्रमंडळी आणि घरच्यांकडून उसने घेतलेले, त्यात पीट शेलीच्या वडिलांचा वाटा मोठा. शेली आणि हॉवर्ड डेव्होटो एकमेकांना भेटले ते बोल्टनच्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकताना, आणि तेव्हा ब्रिटनमध्ये डिग्रीला फी भरावी लागत नव्हती, उलट राहण्याखाण्यासाठी स्थानिक कौन्सिलकडून ग्रँट मिळायची, आईवडिलांच्या उत्पन्नाप्रमाणे कमीजास्त. म्हणजे डोक्यावर कर्ज नसलेली दोन पोरं होती ती. त्यांची हिंमत मला कमी करायची नाही, मी त्या ईपीवर जीव टाकतो, पण हिंमत करायला जी उसंत लागते ती कुणीतरी दिलेली होती एवढंच मला दाखवायचंय.

आता क्लॅश हा लंडनचा पंक बँड घ्या. त्यांचा गायक जो स्ट्रमर याचा आधीचा बँड १०१अर्स, त्याचं नावच त्यांच्या घरनंबरावरून आलं, १०१ वॉल्टरटन रोड, लंडन. ते घर त्यांचं नव्हतं, भाड्याचंही नव्हतं, रिकाम्या घरात शिरून राहिलेले होते. सत्तरच्या दशकात लंडनमधल्या कौन्सिलांनी जुन्या वस्त्या पाडून नवीन बांधायच्या म्हणून गल्लीच्या गल्ल्या ताब्यात घेतल्या, मग पैसे संपले, आणि घरं तशीच ओस पडली, त्यात हजारो पोरं जाऊन राहिली. असं राहणं तेव्हा फौजदारी गुन्हा नव्हता, इंग्लंडमध्ये राहत्या घरांच्या बाबतीत तो २०१२ मध्ये झाला. तर अशा घराच्या तळघरात रात्रभर अँप लावून वाजवलं तरी तक्रार करायला शेजारी नसायचे. क्लॅशच्याच मिक जोन्स आणि पॉल सिमनन यांना स्ट्रमर पहिल्यांदा दिसला तो भत्त्याच्या रांगेत, ही गोष्ट त्यांनीच नंतर सांगितलीय. आणि ‘करिअर ऑपॉर्च्युनिटीज’ हे त्यांचं गाणं नीट ऐका, त्यात नको असलेल्या नोकऱ्यांची यादी आहे, बीबीसीत चहा करायची नोकरी आहे, लेटरबॉम्बचा उल्लेख आहे. तो उल्लेख हवेतून आलेला नाही, मिक जोन्स एका सरकारी भत्ता ऑफिसात सगळ्यात ज्युनियर म्हणून काम करायचा आणि लेटरबॉम्बची भीती असलेल्या त्या दिवसांत टपाल फोडायचं काम त्याच्याकडे दिलेलं. आता विचार करा, अशी नोकरी नको म्हणता येणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे, आणि नको म्हणून उपाशी राहावं लागत नव्हतं म्हणून ते गाणं झालं, नाहीतर तो टपालच फोडत बसला असता, क्लॅशचा पुढचा ‘लंडन कॉलिंग’ अल्बम वगैरे काही झालं नसतं.

कुणी म्हणेल देश श्रीमंत होता म्हणून जमलं. तसं नव्हतं. १९७६ मध्ये ब्रिटिश सरकारला आयएमएफकडे कर्ज मागावं लागलं होतं आणि बेकारांचा आकडा दहा लाखांच्या वर गेलेला. कडकी होती, पण त्या कडकीतसुद्धा काही गोष्टी अजून काढून घेतलेल्या नव्हत्या.

आर्ट स्कूलवर तर वेगळं लिहायला पाहिजे खरं. गँग ऑफ फोर, मीकॉन्स, डेल्टा ५ हे तीन बँड लीड्स युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्टच्या मुलामुलींच्या एकाच घोळक्यातून निघाले, मीकॉन्सनी तर सुरुवातच गँग ऑफ फोरची वाद्यं उसनी घेऊन केली. वायर हा बँड वॉटफर्डच्या आर्ट स्कूलमधला, ‘पिंक फ्लॅग’वर २१ गाणी आणि सगळं मिळून साधारण पस्तीस मिनिटं, शब्द संपले की गाणं संपलं, हा विचार चित्रकाराचा आहे, जेवढं लागेल तेवढंच ठेवायचं. इयान ड्युरी स्वतः रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेला आणि नंतर कँटरबरीला शिकवायचा, लहानपणी पोलिओ झालेला माणूस, पस्तिशी ओलांडल्यावर त्याचं गाणं जानेवारी ७९ मध्ये ब्रिटनच्या चार्टवर एक नंबरला गेलं. शिकवण्याच्या पगारावर इतकी वर्षं तग धरता आला नसता तर हे कुठून झालं असतं.

पण या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो रेडिओ. जॉन पील बीबीसीच्या रेडिओ वनवर रात्री दहा ते बारा प्रोग्रॅम करायचा, हे बहुतेकांना माहीत असतं, पण त्यात बँडना बोलावून केलेली रेकॉर्डिंग्ज, म्हणजे ते पील सेशन्स, का व्हायचे हे फार कमी लोक सांगतात. संगीतकारांची युनियन, रेकॉर्ड कंपन्या आणि बीबीसी यांच्यात करार होता की दिवसात ठरावीक तासांपेक्षा जास्त वेळ रेकॉर्ड वाजवायच्याच नाहीत, याला नीडल टाइम म्हणायचे. म्हणजे उरलेला वेळ भरायचा तर जिवंत माणसांना स्टुडिओत बोलवून, पैसे देऊन, वाजवून घ्यावं लागायचं. म्हणून बँड बीबीसीच्या मेडा व्हेल स्टुडिओत यायचा, चार-एक गाणी वाजवायचा, रात्रीपर्यंत मिक्स होऊन टेप तयार, आणि बँडला युनियनच्या दराने मानधन. युनियनने आपल्या लोकांचा रोजगार वाचवायला घातलेला नियम आणि लोकांकडून बीबीसीसाठी घेतल्या जाणाऱ्या लायसन्स फीचा पैसा, या दोन अत्यंत रुक्ष वाटणाऱ्या गोष्टींनी एका पिढीचं संगीत टिपून ठेवलं.

स्लिट्स या मुलींच्या बँडचं पहिलं पील सेशन सप्टेंबर १९७७ चं. त्यांचा पहिला अल्बम ‘कट’ आला सप्टेंबर १९७९ मध्ये. मधली दोन वर्षं त्यांच्याकडे रेकॉर्ड म्हणून काहीच नव्हतं, पण देशभरातल्या लोकांनी त्यांना ऐकलेलं होतं. ते सेशन मिळालं तर जरूर ऐका, पामॉलिव्हचे ड्रम्स घरंगळत पुढे पळतात, गिटार मागून धावत येते, ॲरी अप तेव्हा पंधरा वर्षांची, ओरडते की गाते कळत नाही, आणि दोन वर्षांनी ‘टिपिकल गर्ल्स’मध्ये पामॉलिव्ह सोडून बाकीच्या त्याच मुली रेगेच्या मोकळ्या जागा इतक्या सहज सोडतात की हा तोच बँड आहे यावर विश्वास बसत नाही. ती मधली दोन वर्षं त्यांना कच्चं राहू दिलं गेलं, मला वाटतं आज कुठल्याही नव्या बँडला हेच मिळत नाही, पहिलाच व्हिडिओ पॉलिश्ड पाहिजे नाहीतर अल्गोरिदम खाली ढकलतो. सूझी अँड द बॅन्शीजचंही तेच, पहिलं सेशन नोव्हेंबर ७७, आणि रेकॉर्ड कंपनीने त्यांना घेतलं पुढच्या वर्षीच्या मध्यावर.

‘टीनेज किक्स’ची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, उत्तर आयर्लंडमधल्या डेरीची पाच पोरं, बँड अंडरटोन्स, बेलफास्टच्या टेरी हूलीचं छोटं लेबल, दोनशे पाउंडात केलेलं रेकॉर्डिंग, आणि पीलने ते सलग दोनदा लावलं. लोक ही गोष्ट नशीब म्हणून सांगतात. मला त्यात एक नोकरदार माणूस दिसतो ज्याच्या डोक्यावर जाहिरातदार बसलेला नव्हता, म्हणून तो एकच गाणं दोनदा लावू शकला.

आता समोरचे लोक लगेच म्हणतील, याच बीबीसीने सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या ‘गॉड सेव्ह द क्वीन’वर बंदी घातली ना? हो, घातली. मे १९७७ मध्ये गाणं आलं, राणीच्या रौप्यमहोत्सवाचं वर्ष, बीबीसीने वाजवायचं नाकारलं, खाजगी रेडिओंनाही मनाई झाली, तरी ते अधिकृत चार्टवर दोन नंबरपर्यंत चढलं. त्याआधी डिसेंबर ७६ च्या सेक्स पिस्टल्सच्या टूरमधले बहुतेक कार्यक्रम ठिकठिकाणच्या कौन्सिलांनी आणि हॉलवाल्यांनी रद्द केले. हे सगळं खरं आहे आणि निषेध करण्यासारखंच आहे, पण लक्षात घ्या, खाजगी कंपन्या तरी कुठं धीराच्या निघाल्या, ईएमआयने जानेवारी ७७ मध्ये त्यांना सोडलं, एअँडएमने मार्चमध्ये करार केला आणि आठवडा व्हायच्या आत मोडला. सरकारी संस्था एकजिनसी नसते, दिवसाचा बीबीसी बंदी घालत होता आणि रात्रीचा बीबीसी तेच पंक मानधन देऊन रेकॉर्ड करून घेत होता. बंदीविरुद्ध भांडायचं आणि रात्रीचे ते दोन तासही राखायचे, दोन्ही करता येतं. संस्थाच नको म्हटलं तर बंदी जाते पण तो प्रोग्रॅमही जातो.

दुसरा मुद्दा न्यूयॉर्कचा, आणि तो जास्त वजनदार आहे. रमोन्स, टेलिव्हिजन, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स, यांना कुठलं सरकार पोसत होतं? मान्य, पोसत नव्हतं. उलट १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या दारात होतं. पण त्यामुळेच मॅनहॅटनच्या खालच्या भागात जागा मातीमोल झालेल्या, टॉकिंग हेड्सचे तिघं आर्ट स्कूलमधून आले आणि बाउरीजवळ एका लॉफ्टमध्ये एकत्र राहिले, तिथंच प्रॅक्टिस, आणि तिथून चालत सीबीजीबी या क्लबला. ३१५ बाउरी हा पत्ता, हिली क्रिस्टल मालक, त्याचा नियम एकच, स्वतःची गाणी वाजवायची, दुसऱ्यांची नाही. असा नियम ज्याला भाडं जड नाही तोच करू शकतो, कारण कव्हर वाजवणाऱ्या बँडला गर्दी होते, बिअर खपते. टेलिव्हिजनचं ‘मार्की मून’ ऐका, दहा मिनिटांचं गाणं, दोन गिटारी एकमेकींभोवती फिरत वर चढत जातात, त्यासाठी ते लोक किती रात्री अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये वाजवत बसले असतील. आणि सीबीजीबी कशामुळे बंद पडलं? भाड्याच्या भांडणामुळे, ऑक्टोबर २००६ मध्ये. तिथं ना पंक मेलं होतं ना लोक यायचे थांबले होते. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये भत्ता नव्हता पण स्वस्त जागा होती, ती गेली तसं ते सगळं गेलं.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे सेंट्स तर माझ्या मताच्या विरुद्धच जातात असं वाटेल. त्या क्वीन्सलँड राज्यात तेव्हा कडक सरकार, पोलीस पोरांच्या मागे, आणि तरी ‘आयम स्ट्रँडेड’ त्यांनी सप्टेंबर ७६ मध्ये स्वतः काढलं, लंडनच्या एकाही पंक बँडचं सिंगल यायच्या आधी. गाणं जबरदस्त आहे, पहिल्या सेकंदाला जो गिटारचा लोंढा येतो तो शेवटपर्यंत थांबत नाही. पण पुढं काय झालं ते बघा, वाजवायला जागा नाही म्हणून राहत्या घरातच कार्यक्रम केले, आणि ७७ मध्ये देश सोडून लंडनला गेले. दाबलं म्हणून एक गाणं होऊ शकतं, पण तो बँड त्या शहरात राहू शकत नाही.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही, ही जी पाय टेकायला जागा म्हणतोय ती सगळ्यांना सारखी नव्हती. काळ्या आणि आशियाई पोरांना रस्त्यात नुसत्या संशयावरून पोलीस उचलायचे, नॅशनल फ्रंट हा वंशवादी पक्ष मोर्चे काढत होता. ऑगस्ट ७६ मध्ये गिटारवाला एरिक क्लॅप्टन बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून, बाहेरून येणाऱ्या लोकांना विरोध करणारा राजकारणी इनॉक पॉवेल याची भलामण करत परदेशी लोकांविरुद्ध बोलला, ज्याने दोनच वर्षांपूर्वी बॉब मार्लीचं गाणं गाऊन हिट दिलेलं, आणि त्यावर चिडून रॉक अगेन्स्ट रेसिझम ही चळवळ सुरू झाली. ३० एप्रिल १९७८ ला ट्रफॅल्गर स्क्वेअरपासून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत लोक चालत गेले, तिथं क्लॅश, स्टील पल्स, एक्स-रे स्पेक्स, टॉम रॉबिन्सन एकाच स्टेजवर. आणि साउथॉल, जिथं आपल्याकडून गेलेले पंजाबी लोक राहतात, तिथं पीपल युनाइट नावाचा गट होता, मिस्टी इन रूट्स हा रेगे बँड त्यातला, रट्स या गोऱ्या पंक बँडचं पहिलं सिंगल याच गटाने काढलं. २३ एप्रिल १९७९ ला नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध साउथॉलमध्ये लोक रस्त्यावर उतरले, ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला, मिस्टीचा मॅनेजर क्लॅरन्स बेकर डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला, आणि पीपल युनाइटच्या घरात घुसून पोलिसांनी साउंडची सगळी साधनं फोडली. त्यावर रट्सनी ‘जाह वॉर’ केलं. मी हे सांगतोय कारण जागा काढून घेणं म्हणजे काय असतं ते इतकं उघडं दुसरीकडे कुठं दिसत नाही, स्पीकर आणि अँप फोडले की त्या भागातली पुढची पाच वर्षांची गाणी फोडली जातात.

आता आपल्याकडे. मार्च १९८० मध्ये द पोलीस हा ब्रिटिश बँड मुंबईत वाजवून गेला, ‘रॉक्सॅन’ आणि ‘मेसेज इन अ बॉटल’ तेव्हा ताजी गाणी होती. धोबी तलावाच्या रंगभवनात ७८ ला जॅझ यात्रा सुरू झाली, ८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक. दक्षिण मुंबईत, उघड्यावर, स्टेशनपासून चालत जाता येईल असं सार्वजनिक ठिकाण. मग ते शांतता क्षेत्राच्या नियमात अडकलं आणि बंद झालं. मला आवाजाचा नियम चूक वाटत नाही, शेजारी हॉस्पिटल आहे, कॉलेज आहे, पण ते बंद करताना त्याच्या बदल्यात दुसरी जागा द्यायची जबाबदारी कुणावरच नाही हे मला चूक वाटतं. त्याच ७०च्या दशकात दादरला छबिलदास शाळेचा हॉल नाटकवाल्यांना मिळाला आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीचं काय झालं ते आपण सगळे अभिमानाने सांगतो. एक शाळेचा हॉल, बास, तेवढ्यावर.

माझ्या ओळखीत पुण्यातला एक बँड आहे, चौघं नोकरी करतात, मराठीत लिहितात, चांगलं लिहितात. ते आधी ड्रमरच्या फ्लॅटमध्ये वाजवायचे, सोसायटीची नोटीस आली, मग तासावर भाडं घेणाऱ्या जॅम रूममध्ये गेले, तिथं दोन तासांत सेट लावायला वीस मिनिटं आणि काढायला वीस, उरलेल्या वेळात जी गाणी येतात तीच वाजवून होतात, नवीन काही सापडायला जो फुकट जाणारा वेळ लागतो तो त्यांना परवडतच नाही. गिग मिळते ती हॉटेलात, आणि तिथं आधीच सांगतात, कव्हर्स वाजवा. या पोरांच्या पोटात आग नाही म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्याबरोबर शनिवारी रात्री अँप उचलून तीन मजले चढून बघावं.

‘करदात्यांचा पैसा कशाला या गोंगाटावर’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मी कुणाला मानधन द्या म्हणत नाहीये, निदान आत्ता तरी नाही, तो लढा लांबचा आहे. पण महापालिकेच्या शाळा सुटल्यावर संध्याकाळी रिकाम्या असतात, हॉल आहेत, वीज आहे, वॉचमन आहे. त्यातला प्रत्येक वॉर्डात एक हॉल, हॉस्पिटल आणि दाट वस्तीपासून लांब असलेला, आवाज बाहेर जाणार नाही एवढं आतून अस्तर लावून, आठवड्यातून चार संध्याकाळी सात ते दहा, महिन्याला नाममात्र भाड्यावर नोंदणी केलेल्या बँडना द्यावा, अट एकच, स्वतःची गाणी. ड्रमकिट तिथंच राहील अशी कुलपाची खोली हवी, हे फार महत्त्वाचं आहे, कारण अर्धे बँड ड्रम्स ने-आण करण्यातच मोडतात. नाटकासाठी महापालिकेची नाट्यगृहं आहेत, तालमीला सवलतीत जागा मिळावी म्हणून रंगकर्मी पिढ्यान्‌पिढ्या मागणी करत आलेत आणि काही ठिकाणी त्यांना ती मिळालीही आहे. बँडवाल्यांनी कधी एकत्र येऊन असा अर्ज केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. वॉर्ड ऑफिसात नगरसेवकाकडे लेखी मागणी करून पोच घ्यायची, पाचपन्नास सह्या जोडायच्या, आणि उत्तर नाही आलं तर महिन्याने परत जायचं.